खारजमिनीचे भात व गुणांचा नकाशा

पनवेलजवळ गाढी नदी खाडीस मिळते. या खाडीच्या काठांवर, तसेच उरण, पेण व अलिबाग तालुक्यांच्या किनारपट्टीवर, भरतीचे पाणी बांध घालून अडविलेली जी भातजमीन आहे, तिला खारजमीन म्हणतात. समुद्राच्या अंगास मोठा बांध आणि त्या बांधात उघाडी, अशी या शेतीची जुनी रचना आहे. ओहोटीच्या वेळी उघाडीचे दार आतील पाणी बाहेर सोडते; भरती आली म्हणजे तेच दार पाण्याच्या दाबाने मिटते. बांध राखणाऱ्या शिलोत्रदारांच्या काळापासून ही व्यवस्था चालत आली आहे. पुढे या कामासाठी १९४८ साली मुंबई राज्यात व १९७९ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदेही झाले.

बांधाइतकीच जुनी आणि बांधाइतकीच मोलाची अशी दुसरी एक वस्तू या शेतकऱ्यांनी राखली आहे. ती म्हणजे खाऱ्या जमिनीत टिकणारे भाताचे बियाणे. बांध कोणासही दिसतो. बियाण्याचे मोल मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आज वनस्पतिशास्त्राने पिकांच्या गुणांचा नकाशा काढण्याची विद्या हस्तगत केली आहे. त्या विद्येच्या उजेडात पाहिले असता खारपट्ट्यातील या जुन्या बियाण्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. ते कसे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

मीठ पिकाचे काय करते

जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा अधिक असली म्हणजे ती जमीन क्षारयुक्त समजली जाते. भाताचे सामान्य वाण ३ च्या पुढेच उत्पन्नात घटू लागतात. पावसाळ्यात कोकणातील मुसळधार पाऊस वरच्या थरातील मीठ धुऊन काढतो, आणि म्हणूनच खारजमिनीत खरिपाचे भात येऊ शकते. परंतु पाऊस लांबला, मध्ये मोठी उघडीप पडली किंवा आश्विनात लवकर संपला, तर खालचे मीठ ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढते. बांधास खांड पडून भरतीचे पाणी आत शिरले, तर त्याचा परिणाम पुढील हंगामांतही जाणवतो.

भाताचे पीक आपल्या आयुष्यात दोन वेळा मिठास विशेष बळी पडते. पहिली वेळ कोवळ्या रोपाची आणि दुसरी पोटरी व फुलोऱ्याची. बी रुजताना व फुटवे फुटताना ते त्या मानाने पुष्कळ सोसते. मुळे पाणी ओढतात, त्याबरोबर मिठातील सोडियमही आत येते व पानांत साठू लागते. प्रथम जुन्या पानांची टोके वाळतात, मग पाने पांढरी पडून गुंडाळतात, आणि फुलोऱ्याच्या वेळी मीठ वाढले तर लोंबी पोचट राहते. दाण्याऐवजी पळींज हाती आलेला शेतकरी हे वर्णन वाचून ओळखील.

काळा रता व भुरा रता

अशा जमिनीत शतकानुशतके पेरले गेलेले काही स्थानिक वाण या भागात आहेत. त्यांपैकी काळा रता व भुरा रता हे प्रसिद्ध आहेत. नावे त्यांच्या रूपावरूनच पडली आहेत. एकाचे तूस काळसर, दुसऱ्याचे भुरकट, आणि दोहोंचा तांदूळ तांबडा. हे वाण उंच वाढतात, वाऱ्यापावसात लोळतात आणि खताला फारसे मानत नाहीत. उत्पन्नाच्या हिशेबात सुधारित वाणांपुढे ते मागे पडतात. परंतु ज्या वर्षी खारे पाणी शेतात शिरते त्या वर्षी सुधारित वाण जळून जातो आणि रता उभा राहतो. केवळ याच कारणासाठी घरोघरच्या कणग्यांतून त्याचे बी जपले गेले.

असे भात केवळ रायगड जिल्ह्यातच आहे असे नव्हे. गोव्याच्या खाजणांत कोरगुट, केरळच्या खाऱ्या पाणथळ जमिनीत पोक्कली, बंगालमध्ये नोना बोकरा, असे प्रत्येक किनाऱ्याने आपापले वाण घडविले आहेत. ते कोणा प्रयोगशाळेत तयार झालेले नाहीत. समुद्राने दरवर्षी परीक्षा घेतली, दुर्बळ रोपे मेली, जी उरली त्यांचे बी शेतकऱ्याने पुढील वर्षासाठी ठेवले. निवडीचे हे काम अनेक पिढ्या अखंड चालले.

पनवेलचे संशोधन

पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. स्थानिक वाणांतील मिश्र पिकांतून शुद्ध वळणाची रोपे निवडून काळा रता १-२४ व भुरा रता ४-१० या निवडी पुढे आल्या. परंतु निवडीने मूळ वाणाचे दोष जात नाहीत; उंची व लोळणे राहतेच. म्हणून पुढे संकर करण्यात आला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसारित केलेला आयआर ८ हा बुटका व भरघोस वाण एका बाजूस घेतला आणि भुरा रता ४-१० दुसऱ्या बाजूस. एकाची बुटकी ठेवण व उत्पन्न, दुसऱ्याची मीठ सोसण्याची ताकद, यांचा मेळ साधून पनवेल-१ व पनवेल-२ हे वाण तयार झाले. पनवेल-३ हा त्यांच्यानंतरचा होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयआर ८ हा वाण जगभर गाजला. पण खाऱ्या शेतात त्याचा एकट्याचा निभाव लागला नसता. त्यास बळ आले ते खारपट्ट्यातील शेतकऱ्याने जपलेल्या बियाण्यामुळे. ते बियाणे त्यापूर्वीच नष्ट झाले असते, तर संकर कशाशी करावयाचा?

गुणांचा नकाशा म्हणजे काय

संकराचे हे काम डोळ्यांनी पाहून करावयाचे म्हणजे फार वेळ लागतो. संकरातून निघालेल्या हजारो रोपांत उंची दिसते, लोंबी दिसते. मीठ सोसण्याचा गुण मात्र बाहेरून दिसत नाही. प्रत्येक पिढी खाऱ्या जमिनीत लावून पाहावी लागते, आणि शेतातील मीठ सर्वत्र सारखे नसल्याने परीक्षा फसण्याचा संभव असतो. अशा रीतीने एक वाण सिद्ध होण्यास आठ-दहा वर्षे सहज लागतात. येथे नकाशा उपयोगी पडतो.

प्रत्येक सजीवाचे गुण पेशीतील गुणसूत्रांवर ओळीने बसलेल्या जनुकांत साठविलेले असतात. भातात गुणसूत्रांच्या १२ जोड्या आहेत. गुणसूत्राची कल्पना गावच्या शिवारावरून करता येईल. शिवारात ठिकठिकाणी हद्दीचे दगड असतात. अमुक विहीर कोठे आहे असे विचारले असता अमुक दोन दगडांच्या मध्ये, असे सांगता येते. गुणसूत्रावरही डीएनएच्या घडणीतील फरकांच्या खुणा असतात आणि त्या प्रयोगशाळेत ओळखता येतात. या खुणा हद्दीच्या दगडांसारख्या होत. आणि जो गुण हवा तो कोणत्या दोन खुणांच्या मध्ये आहे हे शोधणे म्हणजे गुणांचा नकाशा काढणे होय.

हा शोध असा घेतात. मीठ सोसणारा वाण व न सोसणारा वाण यांचा संकर करतात. त्याच्या संततीतून प्रत्येक रोपाचे बी वेगळे ठेवून अनेक पिढ्या वाढवितात, म्हणजे शंभर-दोनशे स्थिर वळणे तयार होतात. प्रत्येक वळणात आईबापांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या रीतीने वाटले गेलेले असतात. सर्व वळणांची रोपे खाऱ्या द्रावणात वाढवून कोणती जगतात ते पाहतात, आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या खुणा तपासतात. जगलेल्या बहुतेक रोपांत एखाद्या ठिकाणी सहनशील बापाचीच खूण आढळली, तर तो गुण त्या खुणेच्या शेजारी आहे असे ठरते. दोन खुणा जितक्या जवळ, तितक्या त्या पिढ्यान् पिढ्या एकत्र जातात. जितक्या दूर, तितकी त्यांची फारकत अधिक वेळा होते. या फारकतीच्या प्रमाणावरून अंतर मोजण्याची रीत १९१३ साली अमेरिकेतील स्टर्टिव्हंट या तरुण विद्यार्थ्याने फळमाशीवरील अभ्यासातून घालून दिली. तीच आजही पायाभूत आहे.

पोक्कलीने दाखविलेली जागा

केरळचा पोक्कली व मीठ न सोसणारा आयआर २९ यांच्या संकरातून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात असाच नकाशा काढण्यात आला. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर एका ठिकाणी रोपावस्थेतील सहनशीलतेचा मोठा वाटा आहे असे आढळून आले. त्या भागास ‘सॉल्टॉल’ हे नाव मिळाले. पुढे २००५ साली शांघाय येथील शास्त्रज्ञांनी बंगालच्या नोना बोकरा वाणावरून त्याच भागातील एका जनुकाचे कार्य उलगडून दाखविले. मुळांकडून पानांकडे वर जाणाऱ्या रसातून सोडियम काढून घेऊन ते मुळाकडच्या पेशींत अडविण्याचे काम हे जनुक करविते. पान त्यामुळे मिठापासून वाचते. आपल्या बांधातील उघाडी जसे गोडे पाणी जाऊ देते व खारे आत येऊ देत नाही, तसेच काहीसे हे काम आहे.

जागा कळल्यानंतर वाण सुधारणाऱ्याचे श्रम पुष्कळ हलके होतात. रोप हातभर उंच होण्यापूर्वीच त्याच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून हवी ती खूण त्यात आहे की नाही हे कळते. नाही ती रोपे काढून टाकता येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती ११२१ या नामांकित वाणात सॉल्टॉल याच रीतीने उतरविला आहे. पुरात बुडणाऱ्या भाताच्या बाबतीतही असेच घडले. ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेल्या एफआर १३ ए या वाणात, पाण्याखाली राहूनही न कुजण्याचा गुण नवव्या गुणसूत्रावर सापडला. तो स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणून स्वर्णा-सब १ हा वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला.

ही रीत म्हणजे परक्या जीवाचे जनुक पिकात घालणे नव्हे. भाताचा भाताशी साधा संकरच येथे होतो. खुणेमुळे फक्त निवड अचूक व लवकर होते. बरेच शेतकरी याविषयी शंका विचारतात, म्हणून हे स्पष्ट केले.

तथापि एका जागेने सर्व काम भागत नाही. सॉल्टॉलचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत आहे. फुलोऱ्याच्या वेळी मीठ सोसण्याचे गुण अन्यत्र असतात. एकाच वाणात सर्व गुण असतील असेही नाही. म्हणून पोक्कलीचा नकाशा मिळाला म्हणजे रता वाणांची गरज संपली, असे समजणे चुकीचे ठरेल. प्रत्येक किनाऱ्याच्या वाणाने मिठावर आपापला उपाय शोधलेला असण्याचा संभव आहे, आणि तो शोधून काढण्यासाठी तो वाण जिवंत हाती असला पाहिजे.

बटाट्याचा धडा

वाणांची विविधता गेली म्हणजे काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण भाताचे नसून बटाट्याचे आहे. ते प्रत्येक शेतकऱ्याने जाणून घ्यावे.

बटाटा हे पीक दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे. तेथील शेतकऱ्यांनी त्याच्या हजारो जाती राखल्या आहेत आणि त्याचे रानटी भाईबंद शंभराच्या आसपास आहेत. युरोपात मात्र त्यांतील मूठभरच जाती गेल्या. बटाटा कंदापासून लावला जातो, त्यामुळे एका जातीचे सर्व शेत म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. आयर्लंडमधील गरीब शेतकरी बहुतांशी ‘लंपर’ या एकाच जातीवर जगत होता. १८४५ साली करपा रोग आला. त्याला तोंड देणारे एकही वेगळे झाड शेतांत नव्हते. पुढील काही वर्षांत सुमारे १० लक्ष माणसे भुकेने व रोगाने मृत्यू पावली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला.

या रोगावर उपाय पुढे मिळाला तो रानटी नातलगांत. मेक्सिकोतील एका रानटी बटाट्यातून करप्यास प्रतिकार करणारी जनुके लागवडीच्या बटाट्यात आणली गेली. बटाट्याच्या गुणसूत्रांचा मूळ संच भाताप्रमाणेच १२ चा आहे. परंतु लागवडीच्या बटाट्यात त्याच्या चार प्रती, म्हणजे एकूण ४८ गुणसूत्रे असतात. त्यामुळे त्याचा नकाशा काढणे भातापेक्षा अवघड गेले. भाताच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००५ साली पुरे झाले, बटाट्याचे २०११ साली. या दोन्ही कामांत भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग होता.

आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील खेड व आंबेगाव तालुक्यांत खरिपाचा बटाटा होतो आणि ढगाळ दमट हवेत करपा येतो, हे तेथील शेतकरी जाणतात. खारपट्ट्याच्या शेतकऱ्याने त्यातून एवढेच घ्यावे की, सगळ्या शिवारात एकच वाण असणे हा वरवर लाभ दिसला तरी त्यात धोका दडलेला असतो.

देवभाताचे नाते

लागवडीच्या भातालाही रानटी नातलग आहेत. कोकणातील तळ्यांच्या व डबक्यांच्या काठी आपोआप उगवणारे देवभात आपल्या स्त्रिया ओळखतात. ऋषिपंचमीस नांगरट न केलेल्या जमिनीतील धान्य खावयाचे असते, तेव्हा त्याची आठवण होते. त्याचे दाणे पिकताच गळून पडतात, म्हणून शेतकरी त्यास तण समजतो. परंतु अशाच एका रानटी भातातून खुरट्या गवताळ रोगास प्रतिकार मिळाला, आणि त्या बळावर १९७६ सालचा आयआर ३६ हा वाण आशियाभर पसरला. गंगेच्या मुखाशी सुंदरबनात भाताचा आणखी एक नातलग भरतीच्या पाण्यातच वाढतो व पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. ज्याला आपण निरुपयोगी समजतो तेच उद्या उपयोगी पडते, असा हा अनुभव आहे.

वेळ थोडा आहे

पनवेल तालुक्याचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील जमिनी संपादित झाल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्या परिसरातील भराव घातलेल्या जमिनीत खाडीकाठची जुनी जमीनही आहे. नगराच्या वाढीबद्दल येथे मत देण्याचे प्रयोजन नाही. परंतु शेत गेले म्हणजे त्या शेताचे बीही जाते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जेथे शेती उरली आहे तेथेही, बी विकत घेणे सोपे झाल्याने घरचे बी ठेवण्याची सवय सुटत आहे. भाताचे बी साध्या घरी ठेवले तर दोन-तीन पावसाळ्यांत उगवणशक्ती गमावते. म्हणजे एका घराने तीन वर्षे पेरणी थांबविली की त्या घरचा वाण संपला.

दुसरीकडे समुद्राची पातळी वाढत आहे. मीठ सोसणाऱ्या वाणांची गरज पुढे वाढणारच. आणि नेमक्या याच वेळी ते गमावणे परवडणार नाही.

बियाण्यासाठी माणसे काय सोसतात याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राड शहरास वेढा पडला असता, वाव्हिलोव यांनी जगभरातून जमविलेला बियाण्यांचा संग्रह तेथील संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राखला. भाताच्या संग्रहाचे प्रमुख दिमित्री इवानोव भाताच्या हजारो पुड्या जवळ असताना उपासमारीने मरण पावले. बटाट्याचे कंदही त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडीपासून वाचविले. आपणांवर तसा प्रसंग नाही. आपणांस फक्त थोडी दक्षता घ्यावयाची आहे.

शेतकऱ्यांनी व गावच्या कार्यकर्त्यांनी काय करावे

१. गावात काळा रता, भुरा रता किंवा अन्य जुना खारा वाण कोणाकडे आहे याची चौकशी करावी. वडीलधाऱ्या शेतकऱ्यांस व बी राखणाऱ्या स्त्रियांस आवर्जून विचारावे. वाणाचे नाव त्या सांगतील तसेच लिहून घ्यावे.

२. सर्व शेत जुन्या वाणाखाली ठेवण्याची आवश्यकता नाही. मुख्य पीक पनवेलच्या सुधारित वाणाचे घ्यावे, आणि एक-दोन गुंठ्यांत जुना वाण दरवर्षी लावावा.

३. बी उभ्या पिकातून निवडावे. सुधारित वाणाची भेसळ काढून टाकावी. परंतु जुन्या वाणाच्या एकाच उत्तम लोंबीचे बी ठेवू नये. शेतभर फिरून शंभर तरी निरोगी झाडांच्या लोंब्या घ्याव्यात. वाणाच्या पोटातील विविधता त्यामुळेच टिकते. कडेची झाडे टाळावीत.

४. बी उन्हात चांगले वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे. डब्यावर वाण, गाव, शेत व वर्ष यांची चिठ्ठी लावावी. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी.

५. पेरणीच्या वेळी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

६. लावणी पावसाने मीठ धुतले गेल्यावर करावी. खाऱ्या शेतात कोवळ्या रोपांपेक्षा जून रोपे लावावीत आणि चुडात रोपांची संख्या थोडी अधिक ठेवावी. मूग आलेले बी फेकून रहू पद्धतीने पेरणी करणाऱ्यांनी पाऊस नीट लागल्याखेरीज घाई करू नये.

७. ज्या वर्षी बांधास खांड पडेल किंवा पाऊस लवकर जाईल, त्या वर्षी कोणता वाण कोठे टिकला याची नोंद करावी. प्रयोगशाळेस नकाशा काढण्यासाठी आधी हेच माहीत असावे लागते, आणि ते शेतातच कळते.

८. जुन्या वाणाचा थोडा नमुना पनवेलच्या संशोधन केंद्रास किंवा कृषी विभागामार्फत विद्यापीठास द्यावा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या बीजपेढीत भाताचे बी अतिथंड तापमानात दीर्घकाळ राखता येते. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यांच्या वाणाची त्यांच्या नावे नोंदणीही होऊ शकते. तिची माहिती कार्यकर्त्यांनी गावात द्यावी.

यांपैकी एकही काम खर्चाचे नाही. एक कोपरा, एक डबा व एक चिठ्ठी एवढीच त्यास सामग्री लागते.

गुणांचा नकाशा ही मोठी विद्या आहे. पण नकाशा जमिनीचा असतो, आणि जमीनच नसेल तर नकाशा कशाचा काढावा? हरवलेली खूण पुन्हा शोधता येईल, हरवलेला वाण पुन्हा निर्माण करता येणार नाही. खारपट्ट्याच्या शेतकऱ्याने समुद्राशी झगडून जे बी घडविले, ते शास्त्रज्ञाच्या हाती देण्याआधी ते त्याच्या स्वतःच्या कणगीत शिल्लक राहिले पाहिजे. येत्या हंगामात भात झोडण्यापूर्वी खाऱ्या शेतातील शंभर लोंब्या प्रत्येकाने बाजूस काढून ठेवाव्यात, एवढीच या लेखाची विनंती आहे.